कोरड्या हवेचं देणं

जैसलमेरला जाऊन आलेल्या प्रत्येकाने आम्हाला सांगितलं होतं, "दीड दिवस पुरे." किल्ला, हवेल्या, संध्याकाळी सम गावच्या वाळूत उंटावर बसून फोटो आणि दुसऱ्या दिवशी जोधपूरची गाडी. हा सल्ला देणारे बहुतेक जण तिथे दीड दिवसच राहिलेले असतात. मी आणि माझी थोरली नणंद मुद्दाम सैल वेळ हाताशी ठेवून निघालो. वन्संनी सोलापुरात जन्मभर भूगोल शिकवला. त्यामुळे त्यांच्याबरोबर प्रवास म्हणजे दर दहा किलोमीटरला गाडी थांबवून खाली उतरायचं आणि कुठला तरी दगड हातात घ्यायचा. मला ते आवडतं. नुसत्या देवळा-राजवाड्यांच्या रांगेने मला दुपारनंतर पेंग येते.

मी मूळची चिपळूणकडची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो अशा मुलखात वाढलेल्या माणसाची नजर वेगळी असते. आमच्या घरी जुलैत पुस्तकं फुगतात, कपाटातल्या चामडी पट्ट्याला पांढरी बुरशी येते, जांभ्याच्या भिंतीवर हिरवं धरतं. आजोबांच्या पोथ्यांपैकी निम्म्या कसरीने खाल्ल्या आणि उरलेल्या वाळवीने. त्यामुळे जैसलमेरमध्ये मी जे जे पाहिलं त्यात माझा पहिला प्रश्न एकच होता, हे टिकलं कसं? आणि बहुतेक वेळा उत्तर तेच निघालं. तिथे पाऊस जेमतेम दीड-दोनशे मिलिमीटर. जे टिकलंय ते पाणी पोचलं नाही म्हणून टिकलंय.

किल्ल्याला सगळे 'सोनार किल्ला' म्हणतात. सूर्य कलला की ते खरंच पटतं, पण भर दुपारी बारा वाजता तो सोन्याचा वगैरे नसतो, चक्क बेसनाच्या रंगाचा असतो. मला तोच रंग जास्त खरा वाटला. 1156 मध्ये रावल जैसल या भाटी राजाने लोद्रव्याची राजधानी सोडून या त्रिकूट टेकडीवर नवं ठाणं वसवलं. भाटी स्वतःला यदुवंशी म्हणवतात. त्यामुळे कृष्णाने अर्जुनाला इथली विहीर दाखवली आणि आपल्या वंशातला कोणी पुढे इथे राज्य करेल असं सांगितलं, अशी कथा गडावर ऐकायला मिळते. कथेतही भविष्यवाणीच्या आधी विहीर येते, हे वन्संनी लगेच बोटावर मोजून दाखवलं.

आपल्याकडचे किल्ले पाहिलेल्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो तो माणसांचा. राजगडावर, रायगडावर आपण जोती मोजतो आणि इथे सदर असावी, इथे बाजार असावा म्हणत फिरतो. इथे बाजार आहेच. अखै पोलमधून आत शिरलं की सूरज पोल, गणेश पोल, हवा पोल असे एकामागून एक दरवाजे चढताना अंगावर स्कूटर येतात, गाय वाट अडवून बसलेली असते, बुरुजावर गोधड्या वाळत असतात. पिढ्यान् पिढ्या गडावर राहणारी ब्राह्मण आणि राजपूत घरं अजून तिथेच आहेत आणि त्यातल्या कित्येकांनी खालच्या मजल्यावर हॉटेल काढलंय. 2013 मध्ये राजस्थानातल्या सहा डोंगरी किल्ल्यांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात हा एक. आपल्या शिवकालीन किल्ल्यांना तो 2025 मध्ये मिळाला. पण वारसास्थळाच्या आत सकाळी दुधाची किटली वाजते आणि शाळेला उशीर झाला म्हणून पोराच्या पाठीत धपाटा बसतो, ही गंमत इथलीच.

मात्र हीच वस्ती आता गडाला जड झाली आहे. पूर्वी पाणी खालच्या तलावातून डोक्यावर घागरी घेऊन वर यायचं. जे पाणी एवढा चढ चढून आणायचं, ते कोणी सांडत नाही. नंतर नळ आले, मग हॉटेलं आली, हॉटेलांत शॉवर आले, आणि पाण्याचा वापर पूर्वीच्या कितीतरी पट झाला. ते पाणी जिरणार कुठे? टेकडीच्या वालुकाश्मात चिकणमातीचे थर आहेत. ते भिजले की फुगतात, सरकतात, वरचे बुरुज हलतात. 1996 मध्येच जगभरातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत हा किल्ला आला होता. 2024 च्या ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस झाला आणि तटाचा एक भाग खाली आला.

आम्ही एका अरुंद बोळात थांबलो होतो. गटाराच्या वर दोन वीत भिंत काळपट ओली आणि त्याच्या वर पांढऱ्या मिठाची रेघ. मी बोट लावलं तर दगडाची पूड बोटावर आली. त्याच भिंतीत हातभर वर, जिथे ओल पोचली नव्हती, तिथे कोरलेल्या वेलीच्या पानाची शीरन् शीर शाबूत होती. वन्संनी पर्समधून चष्मा काढला, दोन्ही जागा पाहिल्या आणि म्हणाल्या, "मुलांना केशाकर्षण, म्हणजे पाणी आपोआप वर कसं चढतं ते, शिकवायला याच्याहून चांगलं चित्र नाही." शेजारच्या ओट्यावर बसलेल्या म्हातारबाबांनी आम्हाला विचारलं, काय बघताय? सांगितल्यावर म्हणाले, "पानी आया तो सब खुश थे. अब दीवार पीती है." मग आत जाऊन त्यांनीच आम्हाला प्यायला पाणी आणून दिलं. ते नको म्हणणं बरं दिसलं नसतं.

गडावरच्या राजवाड्याबद्दल फार लिहीत नाही. महाल आहेत, संगमरवरी सिंहासन आहे, शस्त्रं आहेत, कानाला लावायचं यंत्र घेऊन फिरायची सोय आहे. हे सगळं कुठल्याही संस्थानिकाच्या वाड्यात थोड्याफार फरकाने असतं. लक्षात राहिला तो 'ढाई साका'. जैसलमेरवर अडीच साके झाले असं तिथले लोक हिशेबाने सांगतात. साका म्हणजे पुरुषांनी मरण्यासाठीच दरवाजे उघडून बाहेर पडायचं आणि स्त्रियांनी जोहर करायचा. पहिला खिलजींच्या काळात, दुसरा फिरोजशाह तुघलकाच्या. तिसऱ्या वेळी, 1550 मध्ये, कंदाहारहून आश्रयाला आलेल्या अमीर अलीने दगा केला. चिता रचायला वेळच नव्हता, म्हणून घरच्याच पुरुषांनी बायकांवर तलवार चालवली. तेवढ्यात मदत पोचली आणि गड वाचला. जोहर झाला नाही म्हणून तो साका अर्धा. आमचा वाटाड्या हे अभिमानाने सांगत होता. मला त्या 'अर्ध्या'चा हिशेब गिळवेना. त्या बायकांचं मरण काही अर्धं नव्हतं. वन्सं पुढे निघून गेल्या होत्या, त्यांनी ते ऐकलंही नाही.

गडावर मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ती जैन मंदिरांत. एकमेकांना लागून सात मंदिरं आहेत, साधारण बाराव्या ते सोळाव्या शतकातली. पर्यटकांना दुपारपर्यंतच प्रवेश, चामड्याचं काही आत न्यायचं नाही. पार्श्वनाथ, संभवनाथ, शीतलनाथ, चंद्रप्रभ अशी एका देवळातून दुसऱ्यात जाताना आपण नेमके कुठल्या तीर्थंकरांसमोर उभे आहोत हे थोड्या वेळाने कळेनासं होतं. खांबांवरच्या नर्तकी, छताचं कमळ, मकरतोरण हे सगळं त्याच पिवळ्या दगडात. पण माझं खरं काम संभवनाथांच्या पोटातल्या तळघराशी होतं. तिथे पंधराव्या शतकात आचार्य जिनभद्रसूरींनी उभा केलेला ज्ञानभांडार आहे.

या वाळवंटात ताडाचं झाड नाही. तरी ताडपत्रांवरच्या पोथ्यांचा देशातला एक सर्वांत मोलाचा साठा इथे आहे. गुजरातेतल्या पाटणसारख्या गजबजलेल्या, श्रीमंत आणि म्हणूनच लुटल्या जाणाऱ्या शहरांतून पोथ्या इकडे आडबाजूला आणून ठेवल्या गेल्या. सैन्याला इथवर यायचं तर वाटेत पाणी नाही, हे एक संरक्षण. आणि आल्या पोथ्यांना बुरशी नाही, हे दुसरं. कापडात गुंडाळून, लाकडी फळ्यांमध्ये दाबून, पेट्यांत बंद करून त्या शतकानुशतकं अंधारात राहिल्या. त्या फळ्यांवरही चित्रं आहेत, बाराव्या शतकातली, रंग अजून जागेवर. आपल्याला दिसतात त्या काचेआडच्या मोजक्या पोथ्या. अरुंद, लांब पानं, मधे दोरीचं भोक, मुंग्यांच्या ओळीसारखं अक्षर असेल असं मला वाटलं होतं, पण अक्षर चांगलं ठसठशीत होतं. चष्मा न लावताही वाचता आलं असतं, लिपी येत असती तर.

या तळघराचं आपल्याकडे थेट देणं आहे, आणि ते तिथल्या कुठल्याही पाटीवर नाही. 1874 च्या जानेवारीत मुंबई इलाख्यात नोकरीला असलेले संस्कृतचे जर्मन पंडित बुल्हर हर्मान याकोबी या तरुण जर्मन अभ्यासकाला घेऊन इथे आले. त्यांच्या हाती बिल्हणाच्या 'विक्रमांकदेवचरिता'ची पोथी लागली. कवी काश्मीरचा, नायक कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य, म्हणजे आपल्या दख्खनचा धनी. आणि त्याचं चरित्र सापडलं थरच्या वाळवंटात! पुढच्याच वर्षी ते मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापून आलं.

दुसरी पोथी तर त्याहून जवळची. उद्योतनसूरी नावाच्या जैन साधूने 779 मध्ये जालोरला, म्हणजे राजस्थानातच, 'कुवलयमाला' ही प्राकृत कथा लिहून पूर्ण केली. तिच्यात एका नगरीच्या बाजारात ठिकठिकाणचे व्यापारी जमलेत आणि प्रत्येकाच्या रूपाची, स्वभावाची, बोलीची दोन ओळींत फिरकी घेतली आहे. त्यात मरहट्टे आहेत. बळकट, बुटके, सावळे, सोशिक, अभिमानी, भांडखोर आणि 'दिण्णले, गहियल्ले' असं बोलणारे. दिलं, घेतलं. ज्ञानेश्वरीच्या पाचशे वर्षं आधी कोणीतरी आपल्याला बाजारात घासाघीस करताना ऐकलं होतं! या ग्रंथाच्या दोन पोथ्या मिळाल्या, एक पुण्यात भांडारकर संस्थेत कागदावरची आणि दुसरी इथली, अकराव्या शतकातल्या ताडपत्रावरची. दोन्ही समोर ठेवून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवणाऱ्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी तिची संशोधित आवृत्ती सिद्ध केली. ती 1959 मध्ये मुंबईला प्रसिद्ध झाली.

मी हे सगळं वन्संना तिथल्या पायरीवर बसून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोशिक आणि भांडखोर दोन्ही?" मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "मग तो तुमच्या सासऱ्यांना भेटला असणार." म्हणजे स्वतःच्या वडिलांना. देवळाच्या आवारात इतकं मोठ्याने हसणं बरं नव्हे, पण हसू आलं.

गडावरून उतरून गडीसरला गेलो. चौदाव्या शतकात रावल घडसीने हा तलाव बांधवून घेतला आणि गावाला नळ येईपर्यंत, म्हणजे सहाएकशे वर्षं, जैसलमेर या एका साठ्यावर जगलं. तलावापेक्षा त्याचा आगोर महत्त्वाचा. आगोर म्हणजे ज्या जमिनीवरचा पाऊस वाहत तलावात येतो ती सगळी जमीन. तिथे चपला घालून जायचं नाही, गुरं न्यायची नाहीत, घाण करायची नाही, असा दंडक होता. आता आगोरात बांधकामं झाली आहेत आणि तलाव इंदिरा गांधी कालव्याच्या पाण्याने भरलेला असतो. नौकाविहार चालतो, हंसाच्या आकाराच्या बोटी आहेत. लोक माशांना पाव टाकतात आणि काळे मासे एकमेकांच्या अंगावर चढून तोंडं वासतात. ते पाहणं सुखाचं नाही.

तलावाच्या दारातली तिलोंची पोळ मात्र जरूर पाहावी. तिलों ही गणिका. तिने पुण्यकर्म म्हणून तलावाला सुंदर दरवाजा बांधायला घेतला. राजघराण्याच्या बायका पाण्याला याच वाटेने येणार, त्यांनी एका गणिकेच्या कमानीखालून जायचं कसं, म्हणून दरबारातून पाडण्याचा हुकूम निघणार अशी चिन्हं दिसली. तिलोंने रातोरात वर कृष्णाचं मंदिर बसवलं. देऊळ कोण पाडणार? पोळ उभी राहिली. गोष्टीत मीठमसाला असेल, पण पोळ आहे आणि वर देऊळही आहे. राजाने बांधलेल्या कितीतरी गोष्टींची नावं मी विसरले आहे, तिलोंचं नाव विसरणार नाही.

लोद्रवा जैसलमेरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. जुनी राजधानी म्हणायची, पण राजधानीचं तिथे काहीच उरलेलं नाही. उरलंय ते देऊळ, तेही उद्ध्वस्त झाल्यावर सतराव्या शतकात थारूशाह नावाच्या शेठने पुन्हा उभारलेलं. पुढे कोरीव तोरण, आत पार्श्वनाथ आणि शेजारी धातूचा कल्पवृक्ष. राजे गड शोधत गेले आणि वाण्यांनी देव सांभाळला, असा एकूण प्रकार. देवळाच्या भिंतीतल्या जाळ्या इतक्या बारीक आहेत की आत उभं राहिलं की वारा चाळून आल्यासारखा थंड लागतो.

लोद्रव्याजवळ काक नदीच्या कोरड्या पात्राशी मूमलच्या मेडीचा, म्हणजे महालाचा, ढिगारा आहे. मूमल लोद्रव्याची राजकन्या, महेंद्र अमरकोटचा. म्हणजे आज सिंधमध्ये, पाकिस्तानात. तो रोज रात्री सांडणीवर बसून वाळवंट तुडवत यायचा आणि पहाटेआधी परतायचा. एके रात्री त्याला उशीर झाला. मूमलची बहीण सूमल पुरुषी वेषात तिच्या शेजारीच झोपली होती. महेंद्राने दारातून पाहिलं, गैरसमज करून घेतला आणि पाठ फिरवली. पुढचं सगळं रडणं. ही कथा सिंधीत गातात, मारवाडीत गातात, आणि मधे आता तारांचं कुंपण आहे. फाळणी झाली आणि जैसलमेरचे सिंधकडचे व्यापारी रस्ते कायमचे बंद झाले. त्याआधीच मुंबई बंदराने उंटांच्या तांड्यांचा धंदा खाल्ला होता. पटवा या व्यापारी घराण्याच्या पाच हवेल्या उभ्या करणारा अफू-जरीचा पैसा त्याच रस्त्यांवरून आला होता. रस्ते गेले, पैसा गेला, नवं बांधायला कोणाकडे काही उरलं नाही. जुनं पाडायला म्हणूनच कोणी धजावलं नसावं. हवेल्या टिकण्यामागे गरिबीचाही हात असतो, हे आपल्याकडे वाई-मेणवलीत फिरतानाही जाणवतं.

त्या संध्याकाळी मूमल ऐकली. हॉटेलच्या अंगणात मांगणियार बापलेक आले होते. मांगणियार म्हणजे पिढीजात गाणारे, धर्माने मुसलमान, त्यांचे यजमान बहुतेक राजपूत, आणि गाण्यात कृष्णापासून पीरापर्यंत सगळे. बापाच्या मांडीवर कमायचा नावाचं तंतुवाद्य होतं. आंब्याच्या लाकडाचा गोल, पोटावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, वर आतड्याच्या जाड तारा. मुलगा खडताल वाजवत होता, म्हणजे बोटांत लाकडाच्या दोन-दोन चिपा, बाकी काही नाही. गाणं थांबल्यावर मी कातडं जवळून पाहू का विचारलं. बोटाने टिचकी मारली तर टणक, ताशासारखं नाही पण वाळलेल्या पापुद्र्यासारखं कडक वाजलं. ते म्हणाले, "यहाँ बोलता है. आपकी बंबई में बारिश में ले गया था, बैठ गया. हीटर के पास रख के बजाया." मला माझ्या आजोबांच्या पखवाजाची आठवण झाली. श्रावणात त्याला चुलीजवळ टांगून ठेवायचे.

कुलधऱ्याला, त्या ओसाड गावाला, जायचं की नाही यावर आमचा थोडा वाद झाला. मला तिथल्या भुतांचा कंटाळा आहे. पालीवाल ब्राह्मणांनी दिवाण सालिमसिंगाच्या जाचाला कंटाळून चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत सोडली आणि शाप दिला, ही गोष्ट आता तिकिटावर विकली जाते. मुलं मोबाइलवर भुताचे व्हिडिओ काढत असतात. करांचा जाच होता, विहिरी आटल्या होत्या, काही भूशास्त्रज्ञ भूकंपाची शक्यता मांडतात. गावं काही वर्षांत हळूहळू रिकामी झाली असणार. पण 'हळूहळू' या शब्दावर तिकीट खपत नाही.

वन्संचं म्हणणं होतं, गाव नकोच, खडीन बघू. आणि त्यांचं बरोबर होतं. पालीवालांची करामत गावात नाही, शेतात आहे. उताराच्या जमिनीच्या तोंडाला मातीचा लांब बांध घालायचा. भोवतालच्या खडकाळ माळावर पडलेला तेवढासा पाऊस वाहत येऊन बांधाआड साठतो. सोबत गाळ आणतो. पाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत जमिनीत मुरतं, उरलंसुरलं बाजूने सोडून देतात, आणि त्या ओलाव्यावर गहू-हरभरा पेरायचा. पुन्हा एक थेंब पाणी द्यायचं नाही. पंचवीस-तीस हेक्टरच्या माळाचा पाऊस दोन हेक्टरच्या शेतात गोळा करायचा, असा साधारण हिशेब. आम्ही गेलो तेव्हा हरभरा घाट्यांवर आला होता. चहूकडे भुरकट दगड आणि मधेच हिरवागार चौकोन. वन्सं बांधावर उकिडव्या बसल्या, मातीचं ढेकूळ फोडलं, हाताला ओल लागली. "दोनशे मिलिमीटरवर गहू," त्या म्हणाल्या. "आमच्या सोलापुरात पाचशेवर पडतो आणि आम्ही ऊस लावून टँकर मागवतो." बांधावरच्या शेतकरीदादाने ओंजळभर सोलाणे दिले. पैसे घेईना.

शेवटचा फेरा बडा बागेचा. इथे जैसलमेरच्या महारावळांच्या छत्र्या आहेत. सोळाव्या शतकात लूणकरणाने वडिलांची, जैतसिंहांची, छत्री बांधली आणि तेव्हापासून प्रत्येक राजाने आपल्या बापाची. जैतसिंहांनीच इथे बंधारा घातला होता, त्याच्या पाण्यावर बाग होती म्हणून हे नाव. रांग 1949 मध्ये वारलेल्या जवाहरसिंहांपाशी थांबते. त्यांची छत्री अर्धवट आहे. त्यांचे वारसही थोड्याच काळात गेले. पुढे कोणी ते काम हाती घेतलं नाही.

छत्र्यांच्या मागे क्षितिजभर पवनचक्क्या. पुण्यात मुख्यालय असलेल्या एका कंपनीने इथे 2001 पासून त्या उभ्या करायला सुरुवात केली. काहींना त्यामुळे फोटो बिघडतो. मला तसं वाटलं नाही. राजांनी वाऱ्यात छत्र्या उभ्या केल्या, आता पाती उभी आहेत, वारा तोच. पण आमच्या गाडीवाल्या भाऊंचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या गावाजवळ ओरण आहे. ओरण म्हणजे आपली देवराई. देवाच्या नावाने राखलेली, कुऱ्हाड न लागलेली चराऊ जमीन, खेजडी आणि बोरांची. आपली देवराई ओळखू येते ती दाटीने, ही ओळखू येते ती मोकळेपणाने. त्यामुळे सरकारी कागदावर ती पडीक दिसते, आणि पडीक म्हटलं की तिथे सौर पत्रे आणि खांब येतात. गावोगावी ओरणांसाठी लोक मोर्चे काढतात, पायी जातात. तारांना धडकून गोडावण मरतात. गोडावण म्हणजे आपला माळढोक. रानात उरलेले दीडशेच्या आत, आणि त्यांतले बहुतेक याच भागात. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून न्या म्हणून सांगितलं, 2024 मध्ये तो आदेश सैल करून समिती नेमली. भाऊंना दोन्ही तारखा तोंडपाठ होत्या.

वन्संनी त्यांना सांगितलं, सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे आणि तरुणपणी त्यांनी वर्गातल्या मुलींना नेऊन तो दाखवला होता. भाऊंनी गाडी बाजूला घेतली. महाराष्ट्रात गोडावण, हे त्यांच्या डोक्यात बसेना. गोडावण राजस्थानचा राज्यपक्षी, तो तिकडे कसा? वन्संनी मग त्यांना माळ, गवत, टोळ, पर्जन्यछाया असा सगळा धडाच दिला, अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या हिंदीत. भाऊ मन लावून ऐकत होते. धडा संपल्यावर त्यांनी विचारलं, "तो अब वहाँ कितने हैं, माताजी?"

वन्सं म्हणाल्या, "दिखा तो एखादा. नहीं तो नहीं."

"किसने मारे?"

"किसीने नहीं. ऊस लगाया."

ऊस म्हणजे गन्ना, हे मी मधे सांगितलं. भाऊंनी मान हलवली, गाडी सुरू केली आणि कालव्याच्या पाण्यावर मोहनगढकडे आता शेती कशी वाढतेय ते सांगायला लागले. त्यांच्या मेव्हण्याने तिकडे दोन मुरब्बे (हे तिकडचं जमिनीचं माप) जमीन घेतली आहे. पीक चांगलं येतं म्हणाले, फक्त काही ठिकाणी जमिनीवर पांढरं येऊ लागलंय. वन्सं पुढच्या सीटकडे वाकल्या आणि विचारायला लागल्या, नेमकं कुठे, किती खोलीवर, आणि निचऱ्याला चर काढलेत की नाही.